रिफंडचे दोन तास मी नाक घडवण्यात घालवले

पंचवीस वर्षं गेम खेळतोय, त्यामुळे मला कोणी गंडवू शकणार नाही अशी माझी समजूत होती. मित्रांना 'प्री-ऑर्डर करू नका रे' असं बजावणाराही मीच. तरी एका बड्या स्टुडिओच्या गेमची डिलक्स एडिशन मी तीन महिने आधी पैसे भरून घेतली. नाव मुद्दाम लिहीत नाही. दुसरं कुठलंही नाव घातलंत तरी गोष्ट जवळपास हीच राहील.

भुललो ट्रेलरला. पावसात भिजलेलं शहर, गर्दीतला प्रत्येक माणूस आपापल्या नादात, नायक छपरांवरून पळतोय आणि चित्र कुठेही अडखळत नाही. खालच्या कोपऱ्यात सेकंदभर बारीक अक्षरं येऊन गेली: दृश्यं गेमच्या इंजिनमध्ये तयार केलेली. मी ते 'खेळतानाची दृश्यं' असं वाचलं. इंजिन म्हणजे गेम ज्यावर बनतो आणि चालतो ते सॉफ्टवेअर. त्यात काय, काहीही बनवता येतं. कॅमेरा ठरलेला, हालचाली ठरलेल्या, मशीन हवं तेवढं दणकट. कंट्रोलर तुमच्या हातात आल्यावर हे असंच दिसेल, असं त्या ओळीत कुठे होतं? खोटं कोणीच बोललं नव्हतं.

डिलक्समध्ये तीन आमिषं होती: तीन दिवस आधी प्रवेश, नायकाला सोनेरी चिलखत आणि पुढे येणारे दोन कथाविस्तार. त्या तीन दिवसांची मेख मला नंतर कळली. समीक्षकांना रिव्ह्यू द्यायची परवानगी होती ती गेम सगळ्यांसाठी खुला होईल त्याच दिवशी. म्हणजे जास्त पैसे मोजणारे आम्ही आत शिरलो तेव्हा बाहेर त्या गेमबद्दल एक अक्षरही आलेलं नव्हतं. विहिरीत पाणी किती आहे हे बघायला पहिली उडी आमची, आणि उडीचे पैसेही आमचेच.

त्या रात्री गेम सुरू केला तर आधी शेडर, म्हणजे चित्र रंगवणारे छोटे प्रोग्रॅम, तयार होत असल्याची पट्टी. ती ६३ टक्क्यांवर अडून बसली, वीसेक मिनिटांनी एकदाची संपली. मग पात्र घडवण्याचा पडदा. नाकाच्या दांड्याची उंची वेगळी, नाकपुड्यांची रुंदी वेगळी, शेंड्याचा कोन वेगळा. मी हौसेने चाळीस मिनिटं नाकावर घालवली. त्यानंतरचा तास म्हणजे एक अरुंद, चकचकीत बोगदा: पुढे जा, हे बटण दाबा, आता हे दाबा. सगळं लोण्यासारखं चाललेलं. मग दार उघडलं, शहर समोर आलं, मी मान वळवली आणि चित्र थिजलं. सुटलं, पुन्हा थिजलं. समोरून येणारी बाई गुडघ्यापर्यंत फूटपाथमध्ये रुतलेली, तशीच चालत गेली. घड्याळात खेळाचा वेळ पाहिला: दोन तास अकरा मिनिटं.

ज्या ऑनलाइन दुकानातून गेम घेतला त्याचा नियम असा की खरेदीपासून (प्री-ऑर्डर असेल तर गेम खुला झाल्यापासून) १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तरच पैसे परत. शेडरची पट्टी, नाक, बोगदा, सगळं त्या दोन तासांत धरलेलं. (स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात एप्रिल २०२४पासून असा आगाऊ प्रवेशातला वेळही मोजतात. आधी मोजत नसत.) अर्ज केला, चार मिनिटांत नकार. व्हिडिओ जोडून पुन्हा केला, तर अक्षरन् अक्षर तोच नकार. नाक घडवायला बसलो आणि कापलं गेलं ते माझंच.

हे मी आधी पाहिलेलं होतं, म्हणून जास्त लागलं. 'सायबरपंक २०७७' हा गेम १० डिसेंबर २०२०ला आला तेव्हा समीक्षकांना आधी फक्त पीसीची आवृत्ती मिळाली होती, तीही स्वतःचं रेकॉर्डिंग दाखवायचं नाही या अटीवर. जुन्या कन्सोलवर (टीव्हीला जोडून खेळायच्या यंत्रांवर) काय वाढून ठेवलंय ते घेणाऱ्यांनाच कळलं. जेमतेम आठवड्याने सोनीने तो प्लेस्टेशनच्या दुकानातून काढला, परत आला तो जून २०२१ मध्ये. पुढच्या पॅचेसनी, म्हणजे नंतर येणाऱ्या दुरुस्त्यांनी, तो खरंच सुंदर झाला, हे मान्य. पण पहिल्या दिवशी पूर्ण किंमत देणाऱ्याला कच्चा माल आणि थांबलेल्याला सवलतीत पक्का, हा न्याय मला अजून पचलेला नाही.

माझ्या गेमचे पॅच आले, शहर बरंचसं सुधारलं. खेळणारे तोवर पांगले होते. मग दुसरा कथाविस्तार रद्द झाल्याचं पत्रक आलं. भरपाई म्हणून गेममधली ५०० नाणी. सगळ्यात स्वस्त पोशाख ८०० नाण्यांचा. उरलेल्या ३०० साठी गठ्ठा घ्यायचा तो १०००चा. हा हिशेब कुणीतरी बसून केलेला असतो, आपोआप जुळत नाही.

आणि विकत घेतलेलं आपलं राहतं, हेही धरून चालू नका. युबीसॉफ्ट कंपनीचा 'द क्रू' हा गेम २०१४चा. सर्व्हर ३१ मार्च २०२४ला बंद केले आणि एकट्याने खेळायचा भागही त्यांच्याबरोबर गेला. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५पासून कायदाच आहे: डिजिटल माल विकताना देताय तो फक्त वापराचा परवाना असेल तर तसं स्पष्ट न सांगता नुसतं 'खरेदी' म्हणता येत नाही.

आता मी प्री-ऑर्डर करत नाही. डिजिटल कॉपी संपत थोडीच आहे? रिव्ह्यू किती वाजता खुले होणार ते बघतो. गेम सुटायच्या क्षणापर्यंत तोंडं बांधलेली असतील तर मीही हात बांधून बसतो. माझ्यासारख्याच मशीनवर कुणी स्वतः खेळून रेकॉर्ड केलेलं, बोगद्याच्या पुढचं, मोकळ्या जागेतलं अर्धा तास तरी पाहतो. घेतलाच तर फोनवर दीड तासाचा गजर लावतो आणि पात्र दिलेल्या तोंडाचंच घेतो.

सोनेरी चिलखत मात्र पहिल्या दिवशीच मिळालं. त्याचं शिरस्त्राण काढता येत नाही. नाक आत पूर्ण झाकलं जातं.