सिनात्राच्या दूरचित्रवाणी मैफलींचा डीव्हीडी संच: आठ महिन्यांनंतर

अमेरिकन गायक फ्रँक सिनात्राच्या दूरचित्रवाणीवरील मैफलींचा सात डीव्हीडींचा संच मी घेतला, तेव्हा त्याची बहुतेक गाणी माझ्याकडे ध्वनिमुद्रिकांच्या रूपाने होतीच. त्यामुळे ऐकलेलेच पुन्हा पाहण्यासाठी एवढे पैसे घालावेत का, असा प्रश्न मनात होता. आठ महिन्यांत काही तबकड्या दहा-बारा वेळा पाहून झाल्या आहेत, तर काही एकदा पाहून खोक्यात गेल्या त्या गेल्याच.

ज्या सतत बाहेर राहिल्या त्या साठीच्या दशकातल्या. पहिला कार्यक्रम २४ नोव्हेंबर १९६५ रोजी अमेरिकेत एनबीसी वाहिनीवरून प्रसारित झाला. त्यानंतर तीनच आठवड्यांत सिनात्रा पन्नाशी पूर्ण करणार होता. त्या काळच्या अशा कार्यक्रमांत पाहुणे, नाच आणि विनोदी प्रवेश यांची भरताड असे. येथे मात्र तासाभराच्या वेळेतून जाहिराती वजा जाता उरलेला सगळा वेळ एक गायक, वाद्यवृंद आणि आलटून पालटून त्याचे संचालन करणारे नेल्सन रिडल व गॉर्डन जेंकिन्स, एवढाच ऐवज आहे. पुढे या कार्यक्रमाला दूरचित्रवाणीसाठीचा एमी पुरस्कारही मिळाला. सर्दीने घसा बसल्यामुळे याच्या चित्रीकरणाचा पहिला प्रयत्न सोडून द्यावा लागला होता. ही हकीकत माहीत असल्यामुळे असेल, पण वरच्या स्वराकडे जाताना त्याच्या चेहऱ्यावर जी किंचित सावधगिरी दिसते, तिच्याकडे माझे लक्ष प्रत्येक वेळी जाते.

ध्वनिमुद्रिकेवरून न कळणारी आणि चित्रात स्पष्ट दिसणारी गोष्ट म्हणजे त्याचा दम. तरुणपणी टॉमी डॉर्सीच्या वाद्यवृंदात गाताना डॉर्सी ट्रॉम्बोन या फुंकून वाजवायच्या वाद्यावर लांबच लांब ओळ न तोडता कशी वाजवतो हे त्याने बारकाईने पाहिले आणि श्वासावर तशी हुकमत मिळवण्यासाठी मेहनत घेतली, हे त्याने स्वतःच सांगितले आहे. पडद्यावर आपण तो श्वास शोधत राहतो आणि तो बहुतेक वेळा आपल्याला वाटते त्या जागी नसतोच. ओळ संपली असे वाटत असताना तो तिला पुढच्या ओळीत ओढून नेतो, कारण वाक्याचा अर्थ तेथे पुरा होतो. शब्द कसा टाकावा याचे भान असलेली भावगीते ऐकत वाढलेल्या आपल्या कानाला हे सहज उमगते. ध्वनिक्षेपकाचेही (म्हणजे माइकचेही) तसेच आहे. हळू आवाजात, श्रोत्याच्या कानाशी बोलल्यासारखे गाणे ध्वनिक्षेपकामुळेच शक्य झाले. पण तो जवळ कधी धरायचा आणि स्वर मोठा होताना किती दूर न्यायचा, हे पाहिल्यावर तेही एक वाद्यच आहे हे पटते.

माझ्या मते संचातले सर्वांत मोलाचे चित्रण १९६७ चे आहे. त्यात जाझ गायिका एला फिट्झजेराल्ड आणि ब्राझीलचा संगीतकार अंतोनियो कार्लोस जोबीम पाहुणे आहेत. एला आणि सिनात्रा यांनी मिळून स्टुडिओत एकही पूर्ण ध्वनिमुद्रिका केली नाही, त्यामुळे दोघांना एकत्र ऐकायचे तर अशा कार्यक्रमांकडेच यावे लागते. एलाची लय इतकी मोकळी आहे की तिच्याशेजारी सिनात्राही जरा सावरून बसतो. जोबीमचा भाग याच्या अगदी उलट आहे: जोबीम गिटार घेऊन बसलेला, सिनात्रा हातात सिगारेट धरून बसलेला आणि आवाज जवळजवळ कुजबुजीवर आलेला. मी सर्वाधिक वेळा पाहिली ती ही मिनिटे.

१९७४ चा न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डन या बंदिस्त क्रीडागृहातला ‘द मेन इव्हेंट’ हा कार्यक्रम मुष्टियुद्धाच्या रिंगणासारख्या मंचावर झाला आणि थेट प्रसारित झाला. त्याच नावाच्या ध्वनिमुद्रिकेत त्या दौऱ्यातल्या इतर ठिकाणची गाणीही जोडलेली आहेत, म्हणून त्या रात्रीचा खरा पुरावा हे चित्रणच. आवाज थकलेला आहे, वुडी हर्मनचा वाद्यवृंद मात्र धमाल वाजवतो. त्यानंतरच्या तबकड्या मी एकेकदाच पाहिल्या.

चित्राच्या दर्जाबद्दल अपेक्षा माफक ठेवावी. साठीच्या दशकातले हे कार्यक्रम फिल्मवर नव्हे, तर ५२५ रेषांच्या रंगीत व्हिडिओटेपवर मुद्रित झाले. फिल्म पुन्हा स्कॅन करून अधिक तपशील काढता येतो. टेपमध्ये जेवढे आहे तेवढेच, त्यामुळे ब्ल्यू-रे येईपर्यंत थांबण्यात मला अर्थ वाटत नाही. मूळ चौकट रुंदीला चार आणि उंचीला तीन अशा प्रमाणाची आहे, म्हणून रुंद टीव्हीवर चित्र ताणून पाहू नये. पहिले दोन आठवडे मी ते तसेच पाहिले आणि सिनात्रा उगाच जाड झाला आहे असे समजत राहिलो. लॅपटॉपवर हालचालीच्या वेळी कडांना आडव्या रेघा दिसतात, तेव्हा प्लेअरमध्ये त्या रेघा घालवणारी डीइंटरलेसिंग ही सोय चालू करावी. मूळ प्रसारण मोनो, म्हणजे एकाच ध्वनिवाहिनीचे, असल्याने मी स्पीकरचा सराउंड परिणामही बंद ठेवतो.