टेबलावरचे मिलिंग मशीन: वर्षभराच्या वापरानंतर

गेल्या वर्षी सव्वा लाखाच्या आसपास किंमत मोजून मी एक छोटे, टेबलावर मावणारे मिलिंग मशीन, म्हणजे फिरत्या कटरने धातू कापून आकार देणारे यंत्र, घेतले. खोक्यावर ‘वापरण्यास तयार’ असे छापलेले होते. वर्षभर वापरल्यावर मी त्याला फार तर ‘जुळवून घेण्यास तयार’ असे म्हणेन, आणि ज्यांना हा फरक मान्य असेल त्यांच्यासाठीच हा अभिप्राय आहे.

नागपुरात मोतीबागच्या नॅरोगेज रेल्वे संग्रहालयात उभी असलेली इंजिने पाहून एक चालते इंजिन बाराव्या हिश्श्याच्या मापात घडवावे, एवढ्याच हेतूने ही खरेदी झाली. मूळ रुळांमधले ७६२ मिलिमीटरचे अंतर या मापात ६३.५ मिलिमीटर होते. अशा कामात चाकांना जोडणाऱ्या दांड्यातील भोकांचे अंतर आणि फ्रेममधील आसांचे अंतर एकच असावे लागते. त्यात थोडी जरी तफावत पडली तरी चाक अर्ध्या फेरीत अडकते. माझा पहिला दांडा असाच अडकला.

मशीनचे टेबल सरकवणाऱ्या स्क्रूचा पिच, म्हणजे एका फेरीत सरकणारे अंतर, २ मिलिमीटर आहे आणि त्याच्या हातचाकावर शंभर रेषा आहेत, म्हणजे एक रेषा ०.०२ मिलिमीटरची. डायल गेजचा (सूक्ष्म हालचाल काट्याने दाखवणाऱ्या उपकरणाचा) चुंबकी स्टँड कॉलमला, म्हणजे मशीनच्या उभ्या खांबाला, लावून गेजचे टोक टेबलाला टेकवले, हातचाक एका दिशेने फिरवत काटा हलू दिला आणि मग उलटे फिरवले. तब्बल अठरा रेषा सरकेपर्यंत काटा जागचा हलला नाही. ०.३६ मिलिमीटर बॅकलॅश, म्हणजे उलट फिरवताना वाया जाणारे मोकळे अंतर! विक्रेत्याला फोन केला तेव्हा डिजिटल रीडआउट, म्हणजे टेबलाची जागा आकड्यांत दाखवणारे यंत्र, बसवण्याचा सल्ला मिळाला. रीडआउटची पट्टी टेबलाची खरी जागा दाखवते, त्यामुळे मापाची चूक टळते हे खरे; पण कटरच्या फिरण्याच्या दिशेनेच टेबल सरकवले तर कटर ते टेबल मोकळ्या अंतराएवढे स्वतःकडे खेचून घेतो, त्याला रीडआउट काय करणार? ॲल्युमिनियमवर माझे १० मिलिमीटरचे एक एन्डमिल (दांड्यासारखा कटर) अशाच झटक्यात गेले.

हा ढिलेपणा टेबलाला स्क्रूशी जोडणाऱ्या नटात आहे असे समजून मी नटाच्या मागे लागलो होतो. हिंगणा एमआयडीसीतील एका जुन्या टर्नरकडे नवा गनमेटलचा नट करून मागायला गेलो, तर त्यांनी स्क्रू हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, ‘‘नटाले काहून दोष देता भाऊ, आधी कॉलर तं पाहा.’’ कॉलर म्हणजे स्क्रूला ब्रॅकेटमध्ये जागेवर धरून ठेवणारा भाग. घरी येऊन डायल गेज टेबलाऐवजी थेट स्क्रूच्या टोकाला लावला आणि टेबल हाताने पुढेमागे ढकलले. स्क्रूच आपल्या ब्रॅकेटमध्ये ०.२२ मिलिमीटर मागेपुढे होत होता! नटाच्या वाट्याला उरले जेमतेम ०.१४. बहुतेक जण नट बदलून पैसे घालवतात आणि अर्ध्याहून अधिक ढिलेपणा तसाच राहतो, म्हणून ही दोन मापे वेगवेगळी घेण्याचा आग्रह मी धरीन.

कारखान्याने त्या जागी नुसते वॉशर घातले होते. त्याच टर्नरकडून ब्रॅकेटच्या दोन्ही बाजू स्क्रूच्या आसाशी काटकोनात करून घेतल्या आणि दोन्हीकडे ५११०० क्रमांकाचे थ्रस्ट बेअरिंग (आसाच्या दिशेचा दाब पेलणारे बेअरिंग) बसवले. त्याचे आतले माप १०, बाहेरचे २४ आणि जाडी ९ मिलिमीटर असते. जाडी वाढल्यामुळे टेबलाचा प्रवास थोडा कमी झाला, ते मला चालण्यासारखे होते. नटाला एका बाजूने करवतीची चीर देऊन छोट्या ग्रब स्क्रूने तो किंचित ताणला. इथे हाव करू नये: स्क्रू मधल्या भागात जास्त झिजलेला असतो, त्यामुळे मध्यावर घट्ट केलेला नट टोकाशी जाऊन आवळतो. आता एकूण बॅकलॅश अडीच रेषा, म्हणजे ०.०५ मिलिमीटर आहे.

सरकत्या भागातील ढिलेपणा काढणाऱ्या गिबपट्टीचे काम कंटाळवाणे, पण टाळता न येणारे. माझ्या मशीनच्या पट्टीवर स्क्रूची टोके बसायला खळगेच नव्हते, त्यामुळे आवळताना पट्टी तिरपी व्हायची. खळगे पाडले, पट्टी काचेवरील पॉलिश पेपरवर घासली आणि मधल्या स्क्रूपासून दोन्हीकडे आवळत गेलो. कॉलमही पुढे झुकलेला होता. स्पिंडलला (कटर धरून फिरवणाऱ्या दांड्याला) डायल गेज बांधून १५० मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळात फिरवला, तेव्हा पुढे आणि मागे ०.१२ मिलिमीटरचा फरक आला. कॉलमच्या तळाची पुढून मागेपर्यंतची लांबी १०० मिलिमीटर असल्याने पुढच्या कडेखाली ०.०८ मिलिमीटरची पितळी पट्टी पुरली.

मशीनच्या बाजूनेही बोलले पाहिजे. स्पिंडल सरळ फिरतो, ओतकाम जड आणि निर्दोष आहे, मोटरचा वेग हळूवार बदलतो. ज्याच्याकडे डायल गेज, महिनाभराच्या सुट्या आणि ओळखीचा टर्नर आहे, त्याने ते जरूर घ्यावे. शनिवारी आणून रविवारी भाग बनवायचा बेत असेल तर घेऊ नये. विक्रेत्याने वॉरंटीखाली बदली नट पाठवला खरा, पण तो पहिल्याइतकाच ढिला होता.

नवा दांडा गेल्या आठवड्यात तिन्ही आसांवर बसवला, बोटाने ढकलला तरी चाके फिरली. वाय अक्षाचे, म्हणजे टेबल आपल्याकडे-पलीकडे सरकवणाऱ्या दुसऱ्या स्क्रूचे, काम मात्र पावसाळ्यानंतर काढीन. मे महिन्यात माझ्या वरच्या खोलीत कूलरशिवाय बसवत नाही, आणि कूलर लावला की त्याच्या ओल्या हवेने तेल पुसलेल्या बेडवर दुसऱ्या दिवशीच गंजाचे तांबूस ठिपके उठतात.