सन तीसच्या नावाने विकली जाणारी खोटी कुऱ्हाड

सोलापुरात एक जण ‘सन तीसच्या आंदोलनातली’ म्हणून कुऱ्हाडी विकतोय. आमच्या मामांना त्याने 18,000 रुपयांना गंडवलं. आता तीच कहाणी आणि तसाच कागद घेऊन तो अक्कलकोटला आमच्या एका पाहुण्यांकडेही जाऊन आला, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

मामा निवृत्त शिक्षक. त्या आंदोलनानंतर फाशी गेलेल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांचा विषय निघाला की आजही त्यांचा गळा दाटून येतो. त्या माणसाने नेमकं हेच हेरलं. गड्ड्याच्या यात्रेत ओळख काढली, मग घरी येऊन बसला. मे 1930 मध्ये लोक रूपाभवानीच्या देवळाजवळ शिंदीची झाडं तोडायला निघाले, गोळीबार झाला, पुढे मार्शल लॉ आला, हे सोलापूरकराला वेगळं सांगावं लागत नाही. त्याला जोडून तो म्हणाला, ‘‘ह्याच कुऱ्हाडीनं आमच्या आज्यानं शिंदी तोडली.’’ पात्यावर इंग्रजीत ‘शेफिल्ड’ आणि खाली ‘कास्ट स्टील’ असा ठोकलेला शिक्का. सोबत लॅमिनेशन केलेलं प्रमाणपत्र: ‘कारागीर ओळखला, सन 1860’. सही आहे, पण ती कोणाची, हे कुठेच नाही.

मी कुऱ्हाड घेऊन ओळखीच्या लोहारकाकांकडे गेलो. शिक्क्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. आधी दांडा काढला आणि नेढ्यात, म्हणजे दांडा बसतो त्या भोकात, बोट फिरवलं. ‘‘हे वळवलेलं न्हाई. दोन तुकडे वेल्डिंग मारून जोडलेत, वरनं घासलंय.’’ जुन्या पद्धतीत लोखंडाची पट्टी तापवून मधोमध दुमडायची, म्हणजे नेढं तयार होतं. मग दोन पदरांत पोलादाची पाचर बसवून घणाखाली एकजीव करायची. पोलाद महाग, त्यामुळे ते धारेपुरतंच. अशा कुऱ्हाडीच्या धारेवर कानस घसरते आणि मागच्या मऊ लोखंडाला मात्र चावते. इथे दोन्हीकडे सारखीच लागली. मग काकांनी मागची कड ग्राइंडरला लावली. जुन्या घडीव लोखंडाच्या ठिणग्या लांब, मंद आणि फारशा न फुटणाऱ्या असतात. ह्या फुलबाजीसारख्या तडतडल्या. ट्रकच्या कमानीचा (स्प्रिंगचा) पाटा, काका म्हणाले. 1860 साली कुठला आलाय ट्रक?

शिक्का भिंगाखाली पाहिला. आजूबाजूचा गंज काळपट, घट्ट. अक्षरांच्या तळाशी मात्र केशरी, बोटाला लागणारी पूड. म्हणजे अक्षरं नंतर ठोकली आणि मीठ किंवा ॲसिड लावून गंजवली.

माझा सगळ्यात जास्त संताप झाला तो ‘कारागीर ओळखला’ ह्या दोन शब्दांवर. शेफिल्ड हे इंग्लंडमधलं गाव. तिथे 1740 च्या दशकात बेंजामिन हंट्समनने मुशीत पोलाद वितळवायची रीत बसवली, त्या पोलादाला कास्ट स्टील म्हणत. म्हणजे शिक्का अस्सल असता तरी त्यातून फक्त गाव आणि माल कळला असता. गावात कारखानदार ढिगाने होते. ओळख पटते ती नावावरून: त्या काळच्या व्यापारी डिरेक्टऱ्यांत ते नाव कोणत्या साली, कोणत्या पत्त्यावर होतं, मागे ‘अँड सन्स’ कधी लागलं, हे ताडून पाहतात. ह्या पात्यावर नावच नाही! मग ओळखलं कोणाला?

आणखी एक. शंभर वर्षांहून जुन्या पुरावस्तू विकण्याचा धंदा करायला 1972 च्या कायद्याप्रमाणे परवाना लागतो. मामांनी फोनवर तो मागितला, तेव्हा त्याने फोन कट केला. आता नंबर बंद आहे. पोलिसांत तक्रार दिली आहे, कुऱ्हाड आणि कागद तिथे जमा आहेत.

तुमच्याकडे कोणी असा आला तर पैशांचं बोलणं होण्याआधी दांडा काढून दाखवायला सांगा आणि पात्याचे दोन्ही बाजूंचे फोटो काढा. कागदावर ‘कारागीर ओळखला’ असं असेल तर त्या कारागिराचं नाव विचारा. आणि जवळच्या पोलीस ठाण्यात कळवा, म्हणजे आमच्या तक्रारीला जोड मिळेल.