येळवशीचा डबा: बजाजनगरातलं एक बिनपाटीचं दुकान

१९ डिसेंबर २०२५, शुक्रवार. कॅलेंडरवर त्या दिवशी बारीक अक्षरात 'दर्शवेळ अमावस्या' छापलं होतं. आमच्याकडं तिला येळवस म्हणतात. लातूरला या दिवशी जिल्हाधिकारी स्थानिक सुट्टी जाहीर करतात, बाजारपेठ बंद असते आणि सगळं गाव रानात असतं. इथं संभाजीनगरजवळच्या वाळूजला मात्र नवऱ्याची पहिली शिफ्ट होती, पोरांची शाळा होती आणि शेजारणीला अमावस्येचं एवढं काय कौतुक ते कळत नव्हतं. तरी त्या दिवशी दुपारी आमच्या घरात भज्जी होती, आंबील होती, बाजरीच्या पिठाचे वाफवलेले गोळे म्हणजे उंडे होते. ते ज्या घरातून आले त्या घराबद्दल सविस्तर लिहायचं कधीचं डोक्यात होतं.

आधी माझं सांगते. माझं माहेर आणि सासर दोन्ही निलंगा तालुक्यातलं. नवऱ्याला वाळूज एमआयडीसीत काम लागलं म्हणून २०१९ साली आम्ही बजाजनगरला आलो. पुण्यामुंबईच्या माणसाला वाटतं की लातूर काय आणि संभाजीनगर काय, मराठवाडाच की सगळा. मलाही येताना तसंच वाटलं होतं. पण मधे अडीचशेच्या वर किलोमीटर आहेत आणि चुलीवरचं सगळंच बदलतं. इकडच्या शेजारणी बाजरीची भाकरी इतकी सुरेख थापतात की मी त्यांच्याकडून शिकले. पण ज्वारीचं पीठ घ्यायला गेलं की दळून ठेवलेलं जुनं मिळायचं. 'येसर आहे का' विचारलं (येसर म्हणजे डाळ-धान्य भाजून दळलेलं आमटीचं पीठ) की दुकानदार 'केसर?' म्हणायचा. करडईचं तेल मागितलं की सूर्यफुलाचा पुडा पुढं करायचा. पहिल्या वर्षी मी याला किरकोळ गोष्टी समजत होते. खरी कळ आली ती येळवशीला.

ज्यांना ही अमावस्या माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. मार्गशीर्षातल्या अमावस्येला रानात कडब्याची कोप म्हणजे छोटं खोपटं करतात, तिच्यात पाच पांडव आणि लक्ष्मी मांडून पूजा करतात, 'ओलगे ओलगे' म्हणत पिकावर आंबील शिंपडतात. सीमेपलीकडं कर्नाटकातही हाच सण याच दिवशी असतो, आमच्या बोलीत आणि ताटात तिकडचं बरंच आहे. आणि मग जेवण. त्या दिवसांत रानात जे जे हिरवं असतं ते सगळं भज्जीत पडतं: तुरीचे सोले, हरभऱ्याचे ओले दाणे, वाटाणा, वालाच्या शेंगा, गाजर, मेथी, चाकवत, आंबट चुका, पातीचा कांदा. वर चिंचेचं पाणी, बेसन, हिरव्या मिरचीचा आणि लसणाचा ठेचा. रस्त्यानं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून कोपीपाशी बसवतात. आंबील प्यायल्याशिवाय कुणी पुढं जात नाही.

पहिल्या येळवशीला मी हे सगळं फ्लॅटमधे करायला गेले. जाधववाडीच्या मंडईतून तुरीच्या शेंगा आणल्या, वाटाणा आणला. चुका मिळाला नाही, चाकवत मिळाला नाही. रात्री एकटीनं शेंगा सोलल्या, सकाळी कुकरच्या भांड्यात भज्जी लावली. झाली, पण ती भाजी झाली. भज्जी चौघांची होतच नाही. आमच्याकडं ती पंधरावीस माणसांच्या पातेल्यात होते, शेंगा सोलायलाच आदल्या रात्री पाच बाया बसतात. इतक्या जिन्नसांचा एकेक मूठ भाग घातला तरी चौघांना पुरून उरतो, आणि एखादा जिन्नस कमी केला की चव मोडते. दुसऱ्या वर्षी शहरातल्या एका हॉटेलात भज्जी मिळते असं कळलं म्हणून आम्ही रिक्षा करून गेलो. त्यांनी लाल रश्श्यात सोडलेली कांदाभजी आणून ठेवली. त्यांच्या दृष्टीनं ते बरोबरच होतं, त्यांना तो शब्द तेवढाच माहीत. पण माझी मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती आणि ती म्हणाली, 'आई, हीच का ती?' ते मला फार लागलं.

हे दुकान चालवणाऱ्या काकू सापडल्या त्या बोलीवरून. भाजीच्या गाड्याशी एक बाई घासाघीस करत होत्या, 'अगुदर त्या शेंगा दाखव की, मग भाव सांग.' इकडं 'आधी' म्हणतात, 'पहिले' म्हणतात. 'अगुदर' मी तीन वर्षांत फक्त फोनवर ऐकला होता. मी जाऊन विचारलं, कुठल्या गावच्या हाव तुमी? औसा तालुक्यातल्या निघाल्या. काका कंपनीतून निवृत्त झालेले, तीस वर्षं बजाजनगरात घर. खालच्या खोलीत त्या येसर, चटण्या, तेल असं ठेवून विकतात. पाटी नाही, बिल नाही, वहीत हिशोब. ओळखीतूनच लोक येतात आणि त्यांना तेवढंच झेपतं, म्हणून पत्ता इथं देत नाही. बजाजनगरात लातूरचा कुणीही सांगेल.

आता माल कसा आहे ते.

येसर उत्तम. हरभऱ्याची डाळ, गहू, ज्वारी, तांदूळ, धणे असं एकेक वेगळं भाजून मग दळलेलं असतं. एकत्र भाजलेल्या येसराला कुठंतरी कच्चा नाहीतर करपट वास येतोच, याला येत नाही. दोन चमचे येसर गार पाण्यात कालवून फोडणीच्या उकळीला लावलं की घरभर लग्नाच्या पंगतीचा वास येतो. नवऱ्यानं पहिल्यांदा ती आमटी खाल्ली तेव्हा काही बोलला नाही, भाकरी कुस्करून तीनदा वाढून घेतली. पाव किलो सत्तर रुपयांना. मला ते स्वस्तच वाटतं.

करडईचं तेल लाकडी घाण्याचं, गावाकडून डब्यात येतं. तळाशी गाळ बसलेला असतो, नव्या गिऱ्हाइकाला ते खराब वाटतं, पण न गाळता आणलेल्या घाण्याच्या तेलाला तो असतोच. दोन दिवस बाटली न हलवता ठेवायची आणि वरचं वापरायचं. लिटरला तीनशे ऐंशी रुपये, त्यामुळं मी ते तळणाला घेत नाही. शेंगदाण्याच्या चटणीवर कच्चं घालायला, ठेच्यावर सोडायला, बस. माझे वडील अजूनही ज्वारीच्या रानाच्या कडेनं करडई पेरतात, परभणी विद्यापीठाचं 'परभणी कुसुम' हे वाण. काटेरी झाड असल्यानं जनावर आत शिरत नाही, कुंपणाचं कुंपण आणि तेलाचं तेल. पण गावात आता रब्बीला हरभराच जास्त, खरिपाला सोयाबीन. करडईचं रान शोधावं लागतं. काकूंचं तेलही फेब्रुवारी-मार्चनंतर नवं येतं, दिवाळीच्या सुमारास संपलेलं असतं. घ्यायचं तर उन्हाळ्यातच घेऊन ठेवा.

शेंगदाण्याची चटणी उखळात कुटलेली, तेल सुटलेली, लसूण पुरेसा. छान आहे. धपाटे मला आवडले नाहीत. जाड असतात आणि दुसऱ्या दिवशी कडक होतात. ज्वारीचं पीठ कमी आणि गव्हाचं जास्त पडतं असं मी काकूंना सांगितलं. त्या म्हणाल्या, इकडच्या गिऱ्हाइकाला ज्वारीचा धपाटा तुटतो म्हणून तक्रार येते. असेल. पण आपल्या माणसासाठी वेगळे करून ठेवावेत असं मला वाटतं.

आणि येळवशीचा डबा. हा वर्षातून एकदाच, आठ दिवस आधी सांगून ठेवावा लागतो. यंदा चौघांच्या डब्याचे सहाशे रुपये घेतले. त्यात भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, तीळ लावलेल्या भाकऱ्या, गव्हाची खीर आणि शेंगदाण्याच्या कोंदीच्या दोन पोळ्या.

भज्जीबद्दल लिहायला बसले की मला गावची चूल दिसते, त्यामुळं जमेल तितकं नीट सांगते. काकू ती गच्चीवर, मोठ्या पातेल्यात, विटांच्या चुलीवर करतात. चिंच पानचिंचोलीची असते. त्या चिंचेला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण आमच्या तालुक्यातलं गाव असल्यानं आम्ही ती लहानपणापासून खातोय. गरदार आणि आंबट-गोड असते, म्हणून भज्जीला नुसता आंबूसपणा न येता मागं थोडी गोडीही राहते. बेसन पातळ कालवून शेवटी लावलेलं, गुठळी नाही. सोले पूर्ण शिजलेले पण अख्खे. चुका इकडं मिळत नाही म्हणून काकू आदल्या दिवशीच्या गाडीनं गावाकडून मागवतात. पहिला घास खाल्ला तेव्हा मिरची अगुदर लागली, मग चुका, मग बऱ्याच वेळानं हरभऱ्याच्या ओल्या दाण्याची गोडी. हाच क्रम. माझ्या आईच्या भज्जीत गाजर जास्त असतं, तेवढाच फरक.

आंबील चवीला बरोबर होती. ज्वारीचं पीठ रात्रभर ताकात आंबवलेलं, आलं-लसूण वाटून, वर कोथिंबीर. पण त्यांनी ती प्लास्टिकच्या बाटल्यांत भरून दिली आणि दुपारपर्यंत माझ्या बाटलीचं झाकण फुगलं. आंबील आंबटढाण झाली होती. हा सण बिंदग्यातल्या आंबिलीचा. मातीचं बिंदगं डोक्यावर घेऊन बाया रानात जातात, त्यात आंबील थंड राहते. शंभर बिंदगी काकू कुठून आणतील, ते मला समजतं. पण ज्याला हवी त्यानं घरून स्टीलची किटली आणावी, एवढा नियम केला तर भागेल. मी पुढच्या वेळी किटलीच नेणार आहे. उंडे दोन वाजेपर्यंत कोरडे पडतात, ते आणल्या आणल्या खावेत. खीर गुळाची, दाट, तक्रार नाही.

पण मी ज्यासाठी हे लिहितेय ते डब्यात नव्हतं. डबा घ्यायला अकराला गेले तर काकू म्हणाल्या, 'अशी कशी चाललीस माय, बस, अगुदर आंबील पी.' गच्चीवर सतरंज्या अंथरलेल्या. कोपऱ्यात कडब्याच्या चार पेंढ्या उभ्या करून वर शाल टाकलेली, खाली चुन्यानं रंगवलेले पाच दगड. डबा न्यायला आलेलं प्रत्येक जण बसत होतं. औराद शहाजानीचा एक पोरगा, रात्रपाळी करून थेट आलेला. उमरग्याच्या दोघी बहिणी. उदगीरचे एक मास्तर, त्यांची म्हातारी आई, तिनं शेंगा सोलायला रात्रीच येऊन मदत केलेली. खालच्या मजल्यावर राहणारं वैजापूरचं कुटुंबही होतं, त्यांना हा सण माहीतच नव्हता. त्यांच्या घरच्या बाईंनी भज्जी चाखून मला विचारलं की यात तेल किती घालतात. एका पातेल्यातून वीसेक माणसं जेवत होती, आणि तेव्हा मला कळलं की माझ्या कुकरमधल्या भज्जीत काय कमी होतं. मी इतकी वर्षं चुक्याला दोष देत होते.

या शहराला हे नवं नाही. १३२७ साली तुघलकानं राजधानी दिल्लीहून दौलताबादला आणली, आणि इथला नान-खलिया, म्हणजे मटणाचा रस्सा आणि नान, त्या लष्कराबरोबर आला असं सांगतात. आज तो इथलाच झालाय, वैजापूरच्या त्या बाईही पुढच्या वर्षी दोन डबे सांगणार म्हणाल्या.

बारा वाजता वडिलांचा फोन आला. ते कोपीपाशी होते, मागं माणसांचा गलका. 'जेवलीस का?' विचारलं. मी फोन स्पीकरवर टाकून काकूंना दिला. दोघांची ओळख ना पाळख, तरी ते दहा मिनिटं यंदाच्या तुरीवर बोलत बसले.

ज्यांना जायचं आहे त्यांच्यासाठी: सकाळी दहा ते बारा आणि संध्याकाळी पाचनंतर खोली उघडी असते, रविवारी बंद. ऑनलाइन पैसे चालतात पण काकांना विचारून. येसर एका वेळी पाव किलोच घ्या, पावसाळ्यात त्याचा वास उतरतो. डबा घरपोच मिळत नाही आणि मिळू नये असंच मला वाटतं.

संक्रांतीला मी गावी चाललेय. येताना दोन किलो चिंच आण असं काकूंनी सांगितलंय, वहीतून तेवढे पैसे वजा करते म्हणाल्या. मी नको म्हटलं. चिंच आणतेय, आणि एसटीत मांडीवर धरून जमलं तर एक बिंदगंही आणतेय.