घरून काम आणि एकटेपणा: पुण्यात बसायचं कुठे?

दिवसभर मीटिंगा होतात, बोलून घसा दुखतो, पण संध्याकाळी कुणाशी गप्पा मारल्याचं आठवत नाही. घरून काम करताना असं वरचेवर होत असेल, तर बाहेर बसायच्या जागेवर पैसे खर्च करणं मला अगदी रास्त वाटतं. एकटेपणा जातो तो तेच चेहरे पुन्हापुन्हा दिसल्याने. म्हणून पुण्यातले पर्याय मी याच कसोटीवर लावून बघते.

कॅफेचा विचार फार करू नका. तिथे शेजारचं टेबल तासातासाला बदलतं.

सदाशिव-नारायण पेठेतल्या अभ्यासिका मात्र विचारात घ्याव्यात अशा आहेत. फी कमी, शांतता पक्की आणि स्पर्धा परीक्षांची मुलं रोज त्याच खुर्चीवर. ओळखी होतात त्या खाली चहाच्या टपरीवर. पण आत फोनवर बोलता येत नाही. ज्यांना कॉल जवळजवळ नसतातच, अशा भाषांतरकारांना किंवा कोड लिहिणाऱ्यांना ही जागा चालेल.

खरी निवड असते को-वर्किंगची, म्हणजे जिथे भाड्याने खुर्ची मिळते अशा सामायिक ऑफिसाची: मोठ्या साखळीतलं की गल्लीतलं छोटं. बाणेर, खराडीकडच्या मोठ्या जागांत सोयी उत्तम: जनरेटर, दोन इंटरनेट लाइन, कॉलसाठी बंद खोल्या. कंपनीचे सुरक्षेचे नियम कडक असतील तर इथेच जा. पण तिथल्या बऱ्याचशा खुर्च्या कंपन्यांनी टीमसकट घेतलेल्या असतात. त्या टीम जेवतात एकत्र, हसतात एकत्र, आणि रोज नव्या टेबलावर बसणारा एकटा माणूस कानात हेडफोन घालून बाजूला राहतो. ‘कुठल्याही शाखेत बसा’ ही सोय तर आपल्यासारख्यांच्या मुळावरच येते.

छोट्या जागेत पंधरा-वीस खुर्च्या आणि कॉलची खोली एकच. एसीवरून रोज कुरबुर. पण मालक स्वतः कुलूप उघडतो आणि दोन दिवस दिसला नाहीत तर विचारतो. दीड वाजता पँट्रीतल्या एकाच टेबलावर डबे उघडतात. कुणाची मेथीची भाजी, कुणाचा कालचा पुलाव. ‘घे ना’ म्हणत डबा पुढे सरकला की नाव कळतं, मग गाव कळतं, पुढच्या आठवड्यात कुठला क्लायंट पैसे थकवतोय तेही कळतं. ब्रॅड न्यूबर्ग या प्रोग्रामरने 2005 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत को-वर्किंग सुरू केलं ते असंच होतं: आठवड्याचे दोन दिवस, मोजकी टेबलं, एकत्र जेवण. पहिला महिनाभर कुणी फिरकलंही नव्हतं. छोट्या जागेचा धोकाही तोच. दोन-तीन नेहमीची माणसं गेली की जागा ओस पडते, म्हणून वर्षाचे पैसे एकदम भरू नका.

खर्चाचं म्हणाल तर सांगितलेल्या दरावर 18 टक्के जीएसटी धरा. समजा 6,000 रुपये महिना सांगितले, तर हातातून 7,080 जातात. कंपनी देते का ते आधी विचारा. आणि अंतर बघा. गाडीवर वीस मिनिटांपेक्षा लांबची जागा पावसाळ्यात सुटते, मग ती कितीही चांगली असो.

माझा कौल छोट्या जागेला. ठरवण्याआधी एक दिवसाचा पास घ्या आणि जेवणाच्या वेळी तिथे असा. लोक एकत्र जेवत नसतील तर पुढची जागा बघा. रोज जाणं परवडत नसेल तर दोन वार पक्के करा, आणि दर आठवड्याला तेच ठेवा. त्यातला एक गुरुवार घ्या. दुरुस्तीसाठी वीज जाते ती बहुधा त्याच दिवशी, त्यामुळे घरी बसूनही काम होत नाही.

अमेरिकेच्या वेळेत काम करणाऱ्यांना मात्र मी को-वर्किंग सुचवणार नाही. बऱ्याच छोट्या जागा रात्री बंद होतात आणि उघड्या असल्या तरी माणसं नसतात. अशांनी तेच पैसे आणि तोच वेळ दुपारच्या एखाद्या वर्गात घालावा: तबला, पोहणं, बॅडमिंटन, काहीही, जिथे ठरलेल्या वेळी ठरलेली माणसं येतात.

झोप उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, तर जागा शोधण्याआधी डॉक्टरांशी बोला. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या 14416 क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येतं, मराठीतूनही.