कॉलेज फेस्टला एकच मेटल गाणं वाजवायचंय, मग चौघांतलं कुठलं?

भाच्याचा बँड घणसोलीतल्या एका गाळ्यात सराव करतो. वाशीच्या एका कॉलेजच्या फेस्टमध्ये त्यांना एकाच गाण्यापुरती जागा मिळालीय. "मामा, मेटलच हवं, पण नुसती आरडाओरड नको. पैसा, प्रसिद्धी सगळं पोकळ, असं काहीतरी," म्हणाला. यादी त्याचीच: मेटालिका या अमेरिकी बँडची तीन, आयर्न मेडन या ब्रिटिश बँडचं एक. ठाण्याहून ट्रान्स हार्बरने जाता-येता चारही पुन्हा ऐकली.

मेटालिकाचं 'किंग नथिंग' (1996) लगेच बाजूला काढतो. बेसची सुरुवात झकास आहे, बेसवाला हट्ट धरेल. पण शब्दांत सगळा रोख समोरच्यावर: फार हाव केलीस ना, आता तुझा मुकुट कुठंय? आणि हे विचारणार कोण, तर ज्यांच्या 1991च्या अल्बमच्या एकट्या अमेरिकेत दीड कोटीवर प्रती खपल्या ते. आमची आई ऐरोलीला ताईकडे असते, तिथल्या भजनी मंडळात जाते. तिला अर्थ सांगितला तर म्हणाली, "तुकोबांनी सोन्याला माती म्हटलं ते शोभलं. हे म्हणजे पोटभर जेवून दुसऱ्याला उपास सांगणं." मला हे पूर्ण पटत नाही. जेवलेल्यालाच जेवणातली खोट कळते. फक्त त्याने स्वतःच्या ताटाबद्दल बोलावं, आणि या गाण्यात नेमकं तेच नाही.

'वेस्टेड इयर्स'मध्ये (1986) ते आहे. 1984-85 मध्ये मेडन जवळपास वर्षभर दौऱ्यावर होते. त्या शिणातून त्यांचा गिटारवादक एड्रियन स्मिथ याने हे लिहिलं. जग पालथं घालणारा माणूस आपण कोण हेच विसरत चाललाय, आणि सांगतोय 'मी'पणाने. 2008 च्या फेब्रुवारीत बीकेसीला हे प्रत्यक्ष ऐकलंय, तेव्हा माझं मत थोडं झुकलेलं समजा. अडचणी दोन. मेडनचा गायक ब्रूस डिकिन्सन, त्याची पट्टी गाठताना भल्याभल्यांचा गळा बसतो. शिवाय आपल्या गायकाचा आजवरचा सर्वांत लांबचा दौरा म्हणजे ऐरोली ते पनवेल. दौऱ्याचा शीण त्याच्या तोंडी जरा विनोदीच वाटेल.

खरी लढत उरलेल्या दोघांत.

'मॉथ इंटू फ्लेम' (2016) मेटालिकाचा गायक-गिटारवादक जेम्स हेटफिल्ड याला सुचलं ते एमी वाइनहाउसवरचा माहितीपट पाहून. ही गायिका 2011 मध्ये गेली, वय 27. दिव्यावर झेपावणारा पतंग आपल्याला परका नाही, त्यामुळे फेस्टच्या गर्दीला नावातच अर्थ कळेल. रोख इथेही दुसऱ्यावर आहे, पण हेटफिल्ड स्वतः व्यसनमुक्तीच्या उपचारांतून गेलेला असल्यामुळे ते उपदेशासारखं लागत नाही. ड्रमरला हेच हवंय. पण वेग मोठा आहे, रिफचा (पुन्हा पुन्हा येणाऱ्या गिटारच्या तुकड्याचा) उजवा हात आधी तयार लागतो, आणि आपल्या गिटारवाल्याचा तिसऱ्या मिनिटाला गळतो. हे मी ऐकलंय.

'द मेमरी रिमेन्स' (1997) त्या मानाने संथ. गिटार अर्धा स्वर उतरवावी लागते, एकच गाणं असल्यामुळे त्याचा त्रास नाही. विषय आहे विसरली गेलेली तारका. पण मी हे निवडलंच तर ते मधल्या 'ला ला ला'साठी. तो घोगरा, चिरकलेला आवाज मेरियन फेथफुलचा. साठच्या दशकात ती पॉपची लाडकी होती. पुढे व्यसनात सगळं गेलं, लंडनच्या सोहोत रस्त्यावर दिवस काढले, आणि मग ती परत उभी राहिली. 2025 मध्ये ती वारली. प्रसिद्धीने काय केलं हे गाण्याला शब्दांत सांगावंच लागत नाही; तो गळा ऐकला की झालं. बाकी तिन्ही गाण्यांत ही सोय नाही. वर फायदा असा की, एकही ओळ पाठ नसलेलं पब्लिकसुद्धा तो तुकडा गातं. 1999 मध्ये मेटालिका सिम्फनी ऑर्केस्ट्राबरोबर वाजवत होती, तेव्हा तो प्रेक्षकांनीच उचलला होता.

तेव्हा माझं मत: गिटारवाल्याचा हात बसला असेल आणि महिनाभर हाताशी असेल तर 'मॉथ', नाहीतर 'मेमरी'. मात्र ते 'ला ला' एकोणीस वर्षांच्या कोवळ्या गळ्यातून घेऊ नका, सगळी गंमत जाईल. भाच्याने आजीला विचारलंय. ती तयार आहे. अट एकच, सराव पाचच्या आत आटपायचा, नंतर हरिपाठ असतो.