ग्रँड कॅन्यनमधली राफ्टिंग सफर: मोटरची राफ्ट की वल्ह्यांची?

कोलाडला कुंडलिकेवर किंवा ऋषिकेशला गंगेवर राफ्टिंग केलेला माणूस अमेरिकेत ॲरिझोनातल्या ग्रँड कॅन्यनमधून वाहणाऱ्या कोलोरॅडो नदीची चौकशी करू लागला की त्याचे दोन प्रश्न ठरलेले असतात: खर्च किती आणि रॅपिड्स, म्हणजे नदीतले खळाळत्या लाटांचे टप्पे, किती मोठे? राफ्ट कुठली घ्यायची हा विषय पैसे भरताना निघतो. माझ्या मते तो सगळ्यात आधी निघायला हवा.

कारण सांगतो. लीज फेरीला राफ्ट पाण्यात उतरतात आणि डायमंड क्रीकला बाहेर काढता येतात. हे अंतर 226 मैल, म्हणजे साधारण 364 किलोमीटर. एवढ्या लांब पट्ट्यात रॅपिड्सचा वाटा दहाव्या हिश्श्याइतकाही नाही. उरलेला सगळा वेळ तुम्ही संथ पाण्यावर, दोन्ही बाजूंच्या उभ्या कड्यांमधून जात असता. तो वेळ कसा घालवायचा, हे तुमची राफ्ट ठरवते.

मोटरची राफ्ट दहा मीटरहून लांब असते. मोठमोठ्या हवेच्या नळ्या, मागे इंजिन आणि वर डझनभर माणसं. पुढे बसलात तर चिंब भिजाल, मागे बसलात तर बऱ्यापैकी कोरडे राहाल. ती उलटण्याची भीती फार कमी. संपूर्ण कॅन्यन ती आठवडाभरात पार करते. मुलाकडे अमेरिकेला आलेले साठी उलटलेले पण चालते-फिरते आई-बाबा, आठ-दहा वर्षांची नातवंडं किंवा मोजकीच रजा असलेली नोकरदार मंडळी यांनी बिनदिक्कत हीच घ्यावी. पण इंजिनाची घरघर दिवसभर सोबत असते. शिवाय रोज मोठा पल्ला गाठायचा असल्याने बाजूच्या घळींमध्ये भटकायला वेळ कमी मिळतो.

वल्ह्यांच्या राफ्टला याच अंतरासाठी 12 ते 16 दिवस लागतात, त्यामुळे एकूण खर्चही वाढतो. इथे बऱ्याच जणांचा गैरसमज होतो. या साडेपाच मीटरच्या राफ्टमध्ये मधोमध बसून दोन लांब वल्ही मारतो तो गाईड. चार-पाच प्रवासी फक्त दोर घट्ट धरून बसतात. कोलाडसारखं स्वतः पॅडल मारायचं असेल तर ‘पॅडल राफ्ट’ आहे का, हे वेगळं विचारावं लागतं. त्यात सहा जण गाईडच्या हुकमावर पॅडल मारतात. रॅपिडमध्ये धमाल येते, पण दुपारी समोरून वारा सुटला की संथ पाण्यात खांदे भरून येतात. रोज तीच राफ्ट नको. एक-दोन दिवस आलटून-पालटून बसायला मिळणार असेल तर उत्तम.

फरक सर्वात जास्त जाणवतो तो 179व्या मैलावरच्या लाव्हा फॉल्स या रॅपिडला. वल्ह्यांच्या राफ्ट त्याच्या थोड्या अलीकडे काठाला बांधतात आणि सगळे काळ्या खडकांवर चढून रॅपिड न्याहाळतात. एरवी बडबड करणारे गाईड तिथे गप्प होतात. कुठल्या जिभेवरून, म्हणजे रॅपिडच्या तोंडाशी असलेल्या गुळगुळीत पाण्याच्या पट्ट्यावरून, आत शिरायचं, खडकामागे पाणी उलटं फिरतं असा कुठला खड्डा टाळायचा, हे बोटांनी एकमेकांना दाखवत राहतात. मग एकेक राफ्ट सुटते. जेमतेम वीस सेकंदांचा खेळ, पण छोटी राफ्ट लाटेच्या उभ्या भिंतीवर चढते तेव्हा नदीची ताकद अंगाला कळते. मोठ्या राफ्टमध्येही थरार आहे, फक्त तो बराच मऊ होऊन पोचतो.

काही गोष्टी दोन्हीकडे सारख्याच. ग्लेन कॅन्यन धरणातून खोलवरचं पाणी सुटतं, म्हणून जूनमध्ये हवा 40 अंशांच्या पुढे असली तरी पाणी गारठवतं. भिऱ्याच्या वीज प्रकल्पातून पाणी सुटलं की कुंडलिका चढते, तसंच इथेही विजेच्या मागणीप्रमाणे पातळी वर-खाली होते. संध्याकाळी पाण्यात बांधलेली राफ्ट सकाळी वाळूवर बसलेली सापडू शकते. मोबाईलला रेंज नाही. मुक्काम वाळूच्या काठावर, सामान उतरवायला सगळ्यांनी साखळी करायची. शौचालय म्हणजे खडकाआड ठेवलेली सीट लावलेली धातूची पेटी. ती भरली की राफ्टवरूनच बाहेर नेतात, मागे काही ठेवायचं नाही हा ग्रँड कॅन्यन राष्ट्रीय उद्यानाचा नियम. लघवी मात्र नदीतच करायची. आपल्या मंडळींना पहिल्या दिवशी संकोच वाटतो, पण दुसऱ्या दिवशी कुणाला काही वाटत नाही.

पूर्ण सफर जमणारी नसेल तर अर्धीही मिळते. त्यात कॅन्यनच्या तळाशी, अर्ध्या वाटेवरच्या फँटम रँच या मुक्कामाजवळ माणसं बदलतात. वरचा अर्धा भाग घेतलात तर रेडवॉल कॅव्हर्न ही प्रशस्त गुहा आणि नॅनकोवीपची कड्यातली प्राचीन धान्यकोठारं दिसतात, पण शेवटी ब्राइट एंजल वाटेने सुमारे 1,340 मीटर चढून बाहेर पडावं लागतं. सिंहगडाच्या दुपटीहून जास्त चढ, आणि तोही उन्हात. खालच्या अर्ध्या भागासाठी तीच वाट उतरायची असते. मग हर्मिट, क्रिस्टल, लाव्हा हे दांडगे रॅपिड्स वाट्याला येतात. रॅपिड्ससाठी जाणाऱ्याने खालचा भाग घ्यावा. गुडघे कुरकुरत असतील तर दोन्ही टाळून मोटरची पूर्ण सफर बरी.

ज्यांना दोन आठवडे काढता येतात आणि तंबूत झोपायची सवय आहे, त्यांना मी वल्ह्यांचीच राफ्ट सुचवेन, तीही सप्टेंबरच्या उत्तरार्धात. 16 सप्टेंबर ते 31 मार्च या काळात नदीवर मोटरच्या राफ्टना बंदी असते, ऊनही उतरू लागलेलं असतं. जुलै-ऑगस्टमध्ये तिथल्या पावसाने पाणी गढूळ होतं आणि घळींना अचानक लोंढे येतात. बुकिंग वर्षभर आधी करा. शाकाहारी असाल तर तेव्हाच स्पष्ट कळवा, कारण सगळा शिधा पहिल्याच दिवशी राफ्टवर चढतो.